‘सर्व’ हा शब्द खोडताना
(रोजनिशीतील पाने, यवतमाळ जिल्हा, २०१९)

१७ जून, सोमवार

मृग कोरडाच चाललाय. शेतं वखरून तयार आहेत आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेत. सेवा केंद्र उघडण्याआधी पोस्टात गेले आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज रजिस्टरने पाठवला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, जोडपत्र ‘अ’ आणि त्याला टाचलेली तीन पानं.

दिवसभर मी लोकांचे अर्ज भरते. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, संजय गांधी निराधार. आपल्या मनातला म्हणून भरलेला हा पहिलाच. दोन वर्षांत साठलेलं सगळं त्यात उतरवलं.

२०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं पडली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत गेली होती. बोंडअळीच्या धास्तीने दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती आणि उन्हाच्या तडाख्यात तो फवारा थेट तोंडावर येत होता. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती झाले. माझे काका त्यांतले एक. सप्टेंबरातली दुपार होती, पाठीवर पंप तसाच, आणि ते बांधावर बसले. “मले दिसून नाई रायलं,” एवढंच म्हणाले. आठ दिवसांनी घरी आले. डाव्या डोळ्यापुढचं धुकं अजून गेलेलं नाही.

नंतर विशेष तपास पथक नेमलं गेलं. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी आली. पुढच्या हंगामात हातमोजे, मास्क, चष्मा असलेली सुरक्षा किट वाटल्याच्या बातम्या वाचल्या. यातलं आमच्या गावाच्या वेशीपर्यंत काय आलं, हे मला कळायला हवं. काका यंदाही फवारायला जाणार आहेत. दुसरं काम नाही.

१० जुलै, बुधवार

उत्तर आलं. पाकीट उघडताना हात थरथरत होता.

“आपण मागितलेली माहिती विस्तृत स्वरूपाची, एकापेक्षा अधिक विषयांची व विविध कार्यालयांशी संबंधित असून एकत्रित स्वरूपात संकलित केलेली नाही. सबब, आपणास नेमकी कोणती माहिती हवी आहे, ते कळवावे.” खाली सही, शिक्का.

डोक्यात तिडीक गेली. माणसं मेली आणि हे म्हणतात नेमकं काय ते कळवा. केंद्रात आलेल्या दोघांशी मी विनाकारण तुटक बोलले. संध्याकाळी काकूने विचारलं, “काय म्हनते सरकार?” मी म्हटलं, “टाळते.”

रात्री जेवण झाल्यावर माझ्या अर्जाची झेरॉक्स काढून पुन्हा वाचली. ‘सन २०१७ पासून आजपर्यंत जिल्ह्यातील फवारणी विषबाधेसंबंधी सर्व माहिती, सर्व पत्रव्यवहार, सर्व बैठकांची इतिवृत्ते, सर्व पंचनामे, सर्व रुग्णांचे केसपेपर, सर्व दुकानांचे साठा तपासणी अहवाल...’ पेन घेऊन प्रत्येक ‘सर्व’भोवती गोल काढला. चौदा गोल झाले.

जोडपत्र ‘अ’ हा एक कागद आहे. त्यात तीन ओळी ठळक आहेत: माहितीचा विषय, कालावधी, माहितीचे वर्णन. मी विषयापुढे ‘विषबाधा’ लिहिलं होतं, कालावधीपुढे ‘संपूर्ण’ आणि वर्णनापुढे ‘सोबत जोडले आहे’. दुसऱ्या कोणी असा अर्ज माझ्या टेबलावर आणला असता तर मी तो परत देऊन म्हटलं असतं, दादा, हे असं नाही चालत.

१२ जुलै, शुक्रवार. आषाढी एकादशी

उपास. केंद्र बंद. कायद्याचं मराठी पुस्तक घेऊन बसले.

२००५ चा केंद्राचा कायदा येण्याआधीच महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा होता, त्यासाठी उपोषणं झाली होती. एवढ्या लढ्याने हाती आलेली गोष्ट मी किती ढिसाळपणे वापरली, असं वाटत राहिलं. २०१२ साली राज्याने नियमात दुरुस्ती केली: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारणतः दीडशे शब्दांच्या आत. माझी तीन पानं कुठे आणि दीडशे शब्द कुठे.

पण कायदा अर्जदाराला एकटं सोडत नाही. कलम ५(३) म्हणतं, माहिती मागणाऱ्याला जन माहिती अधिकाऱ्याने वाजवी साहाय्य करावं. कलम ६(२) म्हणतं, माहिती का हवी ते विचारता येणार नाही. कलम ७(९) म्हणतं, मागितली त्या स्वरूपात माहिती द्यायला कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडत असेल तर ते स्वरूप बदलता येतं. स्वरूप बदलता येतं, एवढंच. ‘देणार नाही’ असं त्या कलमात कुठेही नाही. हे मी पेन्सिलीने अधोरेखित केलं.

सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकालही वाचला, परीक्षेच्या उत्तरपत्रिका दाखवण्यासंबंधीचा. उत्तरपत्रिका दाखवा, असं सांगणाऱ्या त्याच निकालात न्यायालयाने हेही बजावलं की सरसकट, निष्कारण मागण्या करून तीन-चतुर्थांश कर्मचाऱ्यांचा तीन-चतुर्थांश वेळ माहिती गोळा करण्यात जावा, हे देशाला नको आहे. शिवाय कार्यालयात जे आहे तेच मागता येतं. जे तयारच नाही ते तयार करून द्या, असं म्हणता येत नाही. ‘किटमुळे फायदा झाला का?’ हा माझा अकरावा प्रश्न होता. त्याचं उत्तर कुठल्या कपाटात ठेवलेलं असणार?

एक गोष्ट मात्र आत टोचली. ‘सर्व रुग्णांचे केसपेपर’ मी मागितले होते. म्हणजे वरच्या आळीतल्या वहिनीच्या नवऱ्याचेही, जो त्या हंगामात परत आला नाही. तिला मी विचारलं होतं? कायद्यातलं कलम ८ खासगी माहितीला आडोसा देतं. तो आडोसा सरकारसाठी आहे असं मी समजत होते. तो वहिनीसाठी आहे.

१४ जुलै, रविवार

गावातले आजोबा तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्याकडे गेले. अर्ज त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

“बेटा, हे तू रडतच लिवलं ना?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“रडनं खरं हाये. पन हे वाचनारा माणूस कपाटापाशी जाऊन हात कुठं घालन, ते सांग बरं मले. कागद मांगाचा असन तं आधी तो कुठं जनमते ते पाहा लागते.”

मग पाटीवर शिकवावं तसं त्यांनी समजावलं. माणूस विषबाधेने दवाखान्यात आला की केसपेपर आरोग्य खात्याकडे जन्मतो. पोलिसांना खबर गेली की तिथे वेगळी नोंद होते. दुकानातून औषधाचा नमुना घेतला की गुणनियंत्रण निरीक्षकाचा कागद कृषी खात्याकडे. वारसांना मदत द्यायची तर प्रस्ताव महसूलकडे. किट वाटलं की वाटपाची नोंदवही, तिच्यात सही किंवा अंगठा. “पाच घरचे पाच कागद. तू एकाच घरचं दार वाजवून पाचहीचं जेवन मांगतलं.”

मी विचारलं, आवक-जावक नोंदवही मागू का? ते म्हणाले, ती नंतर, एखादं पत्र गहाळ आहे म्हणाले तर. कागद आला कधी आणि गेला कधी, ते तिथे सापडतं.

घरी येऊन वहीच्या मधल्या पानावर पाच रकाने आखले आणि माझे सगळे प्रश्न त्यांत वाटून टाकले. काही प्रश्नांना घरच सापडेना. ते प्रश्न नव्हते, ती माझी चीड होती. ती खोडायला वेळ लागला. मागे उरलेल्यांतून एक निवडायचा होता. काका उद्या-परवा पंप उचलतील, म्हणून किट निवडलं. मृत्यूंचा प्रश्न खाली ढकलताना वाईट वाटलं. वहिनीचा चेहरा दिसत होता. पण त्या रकान्यावर मी ‘पुढचा अर्ज’ असं लिहून तारखेची जागा मोकळी ठेवली. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याच्या २६ व्या कलमात विषबाधेच्या घटना कळवण्याची तरतूद आहे. तो अर्ज तिथून सुरू होईल.

१६ जुलै, मंगळवार

कच्चा मजकूर काकांना वाचून दाखवला: ‘सन २०१८-१९ मध्ये आमच्या गावातील शेतकऱ्यांना वाटप केलेल्या सुरक्षा किटची यादी मिळावी.’ मला तो फार आवडला होता. एक गाव, एक वर्ष, एक वस्तू.

काका खाटेवर बसून पंपाचा नोझल सुईने साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, “शेतकऱ्याईले म्हनते? मंग त्याच्यात माह्यं नाव कसं येईन? माह्या नावावर कुठं सातबारा हाये?”

मी गप्प.

“फवारा मारते मजूर. मालक बांधावर उभा रायते. त्याची चूक नाई, त्याचं वावर हाये. पन इख नाकात जाते ते माह्या.” मग नोझल फुंकून पाहिला. “मजुराचं नाव लिवाले कागदावर जागा व्हती का नाई, थे इचार.”

दोन दिवस मी छाटत होते. वर्षं छाटली, तालुके छाटले, खाती छाटली. त्या भरात ज्याच्यासाठी अर्ज लिहायला घेतला तो माणूसही छाटून टाकला होता, एका शब्दाने. कापूस वेचताना बोंडाची काडी-पत्ती काढतात, सरकी काढत नाहीत. सरकी कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं.

२२ जुलै, सोमवार

एसटीने यवतमाळ. राज्य सरकारने २६ नोव्हेंबर २०१८ ला निर्णय काढला आहे: जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघता येतील. पुण्याच्या महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. शासन निर्णयाची प्रत बरोबर नेली होती. ज्या कार्यालयात गेले तिथल्या लिपिक बाईंना तो माहीत नव्हता. त्यांनी प्रत वाचली, साहेबांकडे गेल्या, परत येऊन म्हणाल्या, “बसा. कुठली नस्ती पाहिजे?”

महिन्यापूर्वी या प्रश्नाला मी ‘सर्व’ म्हटलं असतं. आज म्हटलं, “सुरक्षा किट वाटप, २०१८ चा खरीप.”

नियमाप्रमाणे माझं पेन त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवून घेतलं. अभिलेख बघताना जवळ फक्त पेन्सिल बाळगता येते. बाईंनीच आपल्या खणातली एक अर्धी झिजलेली पेन्सिल दिली. कपाट उघडलं, लाल कापडात बांधलेले गठ्ठे दिसले. खालच्या कप्प्यातला काढायला त्या गुडघ्यावर बसल्या. त्यांच्या शेजारचं एक टेबल रिकामं होतं, खुर्चीवर फायलीच फायली. त्या टेबलाचं कामही त्यांच्याकडेच आहे, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. माझी तीन पानं याच टेबलावर आली असतील तर त्यांनी काय केलं असेल, याचा विचार मी तिथे पहिल्यांदा केला.

नस्तीत गावनिहाय नोंदवह्या नव्हत्या. त्या तालुक्याच्या ठिकाणी असतात. पण तिथे मला तीन गोष्टींची नेमकी नावं मिळाली: ‘वाटप नोंदवही’, ‘लाभार्थी निवड यादी’ आणि निवड कशी करायची ते कळवणारं पत्र. तीन नावं पेन्सिलीने टिपली. पाचला दहा कमी असताना पेन परत घेतलं. बाई म्हणाल्या, “असंच नाव लिहून मागा. आम्हालाही शोधायला बरं पडतं.”

२४ जुलै, बुधवार

नवा अर्ज. या वेळी तिन्ही ओळी फॉर्मवरच मावल्या. इथे उतरवून ठेवते.

माहितीचा विषय: फवारणी सुरक्षा किट वाटप.
कालावधी: १ जून २०१८ ते ३१ मार्च २०१९.
माहितीचे वर्णन: आमच्या गावात या कालावधीत वाटलेल्या सुरक्षा किटच्या (१) वाटप नोंदवहीतील पानांच्या, (२) लाभार्थी निवड यादीच्या आणि (३) निवडीचे निकष ज्या पत्राने कळवले त्या पत्राच्या साक्षांकित प्रती.

पन्नास शब्दसुद्धा नाहीत. ‘शेतकऱ्यांना’ काढून नुसतं ‘वाटलेल्या’ ठेवलं. कोणाला वाटलं, ते कागदानेच सांगावं. तिसरा मुद्दा काकांचा. फॉर्मवर गावाचं आणि तालुक्याचं नाव घातलं. टपालाने न पाठवता स्वतः नेऊन दिला आणि माझ्या प्रतीवर पोच घेतली.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पंधराव्या-सोळाव्या दिवशी पत्र: पानं अकरा, दोन रुपयांप्रमाणे बावीस रुपये भरावेत. पहिल्या अर्जातल्या ‘सर्व’ची पानं मोजली असती तर किती भरली असती कोण जाणे, आणि मी ती कधी वाचली असती.

पाऊस आता मनासारखा आहे. कपाशी गुडघ्याला आली. गावात फवारणी सुरू झाली. संध्याकाळी केंद्राच्या ओट्यावर उग्र वास येतो आणि मी खिडकी लावून घेते. काका तोंडाला दुपट्टा बांधून जातात.

१३ ऑगस्ट, मंगळवार

बावीस रुपये, पावती, अकरा पानं. प्रत्येकावर ‘साक्षांकित’चा शिक्का.

बाहेर बाकड्यावर बसून वाचली. आमच्या गावात एकतीस किट आली. एकतीस नावं, एकतीस सह्या-अंगठे. मी सगळ्यांना ओळखते. घोटाळा नाही. ज्यांची नावं आहेत त्यांना किट मिळालंय. दोघांच्या गोठ्यात ते टांगलेलं मी पाहिलंय.

नावापुढचा रकाना ‘गट क्रमांक’. एकतीसच्या एकतीस ओळी भरलेल्या. शेवटचं पान पत्राचं: अर्जासोबत सातबारा किंवा आठ-अ घ्यावा.

म्हणजे मजुराचं नाव कोणी गाळलं नव्हतं. ते लिहायला कागदावर जागाच नव्हती. ज्याच्या नावावर जमीन नाही तो फवारणारा त्या तक्त्यात बसूच शकत नव्हता. एकतीसपैकी स्वतः पंप उचलणारे किती, ते बोटांवर मोजलं. नऊ.

काकांना पान दाखवलं. त्यांना अक्षरं नीट दिसत नाहीत, म्हणून ‘गट क्रमांक’वर त्यांचं बोट ठेवून सांगितलं. ते बराच वेळ बोट तसंच ठेवून बसले. “हाव ना,” म्हणाले, “थेच तं.”

१५ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी झेंडावंदन, नंतर ग्रामसभा. आज राखीपौर्णिमाही, त्यामुळे बाया लवकर निघायच्या बेतात होत्या. मी सरपंचताईंना आधीच सांगून ठेवलं होतं. अकरा पानं हातात घेऊन उभी राहिले तेव्हा घसा कोरडा पडला.

कोणावर आरोप नाही, हे पहिल्यांदा सांगितलं. मग यादी कशी झाली ते वाचलं आणि गट क्रमांकाचा रकाना वर धरून दाखवला. ज्यांच्या नावावर किट होतं त्यांतलेच एक शेतकरी उठले. “बरोबर बोलते पोरगी. माह्यं किट तं कोरं हाये, फवारते माहा सालदार.” सालदारही मागे उभा होता. त्याने खाली पाहिलं.

ठराव झाला: यंदा गावातून किटची मागणी करताना प्रत्यक्ष फवारणी करणाऱ्या मजुरांची यादी ग्रामपंचायतीने करावी, जमिनीचा कागद मागू नये आणि तसं तालुक्याला लेखी कळवावं. सूचक म्हणून वरच्या आळीतल्या वहिनीने हात वर केला. मी तिला काही सांगितलं नव्हतं. अनुमोदन काकांनी दिलं. ग्रामसेवकांनी प्रोसिडिंगमध्ये लिहून वाचून दाखवलं.

३० ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

बैलांना सजवून तोरणाखाली नेलं. काकांकडे बैल नाही, पण मालकाच्या जोडीचा कासरा दर वर्षी त्यांच्याच हातात असतो.

किट अजून आलेली नाहीत. तालुक्याकडून उत्तरही नाही. उत्तर न आल्यास काय करायचं ते आता माहीत आहे. ग्रामपंचायतीचं पत्र कोणत्या तारखेला आवक झालं आणि कोणत्या टेबलावर गेलं, एवढंच विचारायचं. दोन ओळींचा अर्ज. मालकाने तोवर स्वतःचं किट काकांना दिलंय. चष्मा त्यांना सैल होतो, मागे सुतळी बांधली.

दुपारी ग्रामपंचायतीत जाऊन ठरावाची नक्कल घेतली. मजुरांची यादी तिला जोडलेली आहे. अठ्ठेचाळीस नावं, गट क्रमांकाचा रकाना नाही. त्या जागी लिहिलंय: ‘फवारणीचे दिवस’. काकांच्या नावापुढे ‘जुलै ते ऑक्टोबर’.

नक्कल आजोबांना दाखवली. त्यांनी तारीख पाहिली, जावक क्रमांक पाहिला, शिक्का पाहिला आणि कागद परत देताना म्हणाले, “जनमला.”

रात्री वहीचं मधलं पान उघडलं. किटच्या रकान्यावर टिक केली. शेजारचा रकाना वहिनीचा. उद्या तिच्या घरी जाऊन आधी तिला विचारणार आहे, तुला काय कळायला हवंय? मग फॉर्म भरू. विषय, कालावधी, वर्णन.